वरची दाढ

१६ जानेवारी, गुरुवार

तर मी काय चुकीचं बोललो? एवढंच ना — आबा, दाढ दाखवा! या आठवड्यात चौथ्यांदा म्हणालो. चौथ्यांदा तेच उत्तर. "खालची असती तर कवाच उपटून फेकली असती. वरची हाय." झालं. फोन मायच्या हातात.

वरची हाय म्हणजे काय, तर वरचा दात काढला की नजर जाते. आमच्या गावात कुणालाही विचारा. हरिबाचं उदाहरण तर ठेवलेलंच असतं. हरिबानं वरची दाढ काढली अन् वर्षाच्या आत त्याला स्वतःचा बैल ओळखू येईना. अरे, हरिबा सत्तरीचा होता! मोतीबिंदू होता त्याला! पण ऐकतं कोण.

माय म्हणते उजवा गाल सुजलाय. भाकर दुधात कुस्करून एका बाजूनं गिळतात. त्यात बिब्बा लावला. बिब्बा! हिरडी भाजून निघाली.

आणि मी इथं. हिमाचलात, बोगद्याच्या कामावर, डंपर घेऊन. टॉवर पकडायचा तर वळणावरच्या चहाच्या टपरीपर्यंत चढायचं. चढायचं, बापाशी भांडायचं, उतरायचं. आठवडाभर हेच.

१७ जानेवारी

बर्फ. फोन लागला नाही. दोनदा चढलो.

१९ जानेवारी, रविवार

आता माझी पण ठणकते. वरचीच, डावी. टाकीतलं पाणी तोंडात घेतलं की कुणीतरी सळई खुपसल्यासारखं होतं. बंकट म्हणतो, "लवंग धर बे, नाटकं करू नको." बंकट चौसाळ्याचा, माझ्या खोलीतला. दिवसाला दहा पुड्या गुटखा. त्याच्या तोंडात दोन बोटं नीट जात नाहीत, चपाती चिमटीत धरून आत ढकलतो. अन् तो मला शिकवतो!

सुट्टी होती म्हणून खाली बाजारात गेलतो. दाताची डॉक्टरीण आहे तिथं, माझ्याच वयाची असेल. आरसा घालून बघितलं, दाढेचा फोटो काढला. म्हणाली, कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय, नुसतं सिमेंट भरून भागणार नाही. रूट कॅनल करू. आतली नस काढायची, पोकळी धुऊन भरायची, वर टोपी बसवायची. दोन-तीन खेपा. दात तुझा तुझ्याकडं राहतो. काढला तर शेजारचे सरकतात, समोरची दाढ लांबत येते. मग ब्रिज करा, नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्याच्यावर नवा दात. तो लई महाग.

मी म्हणालो, माझं राहू द्या, माझ्या बापाचं सांगा. आणि सगळं सांगून टाकलं. सूज, बिब्बा, हरिबा.

ती हसली नाही. मला किती बरं वाटलं! म्हणाली, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. काही संबंध नाही. म्हातारपणी दोन्ही बिघडतात, म्हणून लोक एकाचा ठपका दुसऱ्यावर ठेवतात. पण — सूज डोळ्याकडं चढली, ताप आला, तोंड उघडेना झालं, तर एक दिवस पण थांबायचं नाही. तो पू असतो. डोक्यापर्यंत जाऊ शकतो. जीव जातो.

जीव जातो! हे आबांना फोनवर कसं सांगू?

२० जानेवारी

सांगितलं. आबा म्हणाले, "जाऊ दे गेला तर. आंधळा होऊन खाटल्यावर बसण्यापरीस बरं."

मायकडून आज एक नवीन कळलं. गेल्या महिन्यात धर्मापुरीत शिबिर होतं, तिथल्या डॉक्टरनं आबांची दाढ हलवून बघितली होती. मूळ सडलंय, वाचणार नाही, परळीला येऊन काढून घ्या. तोवर या गोळ्या. आबांनी गोळ्या खाल्ल्या, सूज उतरली, परळी राहिली. मला कुणी बोललं पण नाही! कशाला बोलतील? मी लांब आहे ना. लांबच्याला सगळं बरंच सांगायचं असतं.

२१ जानेवारी, मंगळवार

खोटं बोललो.

म्हणालो, "आबा, मी काल वरची दाढ काढली. डावी. नजर एकदम ठीक हाय. आज डंपर चालवला."

आबा म्हणाले, "क्यामेरा लाव."

मला वाटलंच नव्हतं! आबांनी आयुष्यभर मेंढरं राखली. बाजारात मेंढीचा ओठ वर केला की सांगायचे — दोनदाती, चारदाती, जुळलेली. म्हणजे पोर, तरणी का म्हातारी. तलवाड्याचे व्यापारी पण त्यांच्याशी वयावरून खोटं बोलायचे नाहीत. अन् मी बोललो!

पण त्यांनी स्वतः बघितलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीकडं दिला फोन. "उज्जे, बघ गं त्याचं तोंड." एवढा राग, की पोराचं तोंड बघायचं नाही. मी जबडा उघडला, जीभ वर करून दाढ झाकली. उज्ज्वला हुशार. "दादा, जीभ खाली घे." घेतली. "आबा, समद्या जागच्या जागी हायेत."

आबा म्हणाले, "जुळलेली मेंढी दोनदाती म्हणून इकतो व्हय रे? मला?"

फोन बंद.

२२ जानेवारी

लाज. दिवसभर लाज. वळणावर गेलोच नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

उज्ज्वलाचा आवाज आला मोबाईलवर, रेकॉर्ड केलेला. "दादा, सूज वर चढलीय. उजवा डोळा अर्धा मिटलाय. काल अंगात कणकण होती. मी धर्मापुरीच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्यात, पण ते म्हणत्यात गोळ्यांनी नुसतं दबतंय, दाढ काढावीच लागंल. आबांना कोण समजावणार? माझ्यावर पाण्याचा तांब्या फेकला."

चार वेळा ऐकलं. दोन खेपा कमी मारल्या, सुपरवायझर ओरडला. ओरडू दे.

जेवताना बंकटला म्हणालो, आता काय करू? तो म्हणाला, "खरंच काढ मंग. दाखव बापाला भोक." चेष्टेत म्हणाला. पुडी फाडली अन् तोंड फिरवून बसला.

माझ्या डोक्यातून ते जाईना.

२७ जानेवारी, सोमवार

काढली.

डॉक्टरीण तयारच नव्हती. म्हणाली, चांगली वाचणारी दाढ आहे, वय तेवीस, मी काढणार नाही. मी म्हणालो, काढाच. ती म्हणाली, कारण सांग. मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. बराच वेळ माझ्या दाढेचा फोटो उजेडाकडं धरून बघत राहिली. मग म्हणाली, वडिलांना फोन लाव, मी बोलते. लावला. माय म्हणाली, ते बाईमाणसाशी दाताचं बोलणार नाहीत. बोलून उपयोगही नव्हता. शिबिरातल्या डॉक्टरचं तरी कुठं ऐकलं!

मग तिनं कागद दिला. दात वाचवता येतो हे मला सांगितलंय, तरी मी स्वतःच्या मर्जीनं काढतोय, असं लिहिलेलं. सही केली. सहावीपर्यंतच शिकलोय, पण सही झोकदार आहे माझी.

तीन सुया. ओठ, गाल, नाकाची एक बाजू — सगळं परक्याचं झालं. मग पकड. दुखलं नाही, पण आवाज! वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज डोक्याच्या आतून आला. मूळ अडकलं होतं, तुकड्यानं काढलं. एक टाका. कापसाचा बोळा दाताखाली. थुंकायचं नाही, गरम खायचं नाही, आठवडाभर तंबाखूला हात लावायचा नाही. चिमटीत धरून दाखवली मला. वरून चांगली, आतून काळी.

बंकट म्हणाला, "लोक बापाला किडनी देत्यात, तू दाढ दिली बे." अन् मग माझी रात्रपाळी त्यानं केली. आजपर्यंत कुणासाठी केली नव्हती.

२८ जानेवारी, मंगळवार

फोन लावला. गाल टरबुजासारखा. उज्ज्वलाला तोंड दाखवलं. ती किंचाळली! "आबा, खरंच न्हाई! भोक पडलंय, दोरा हाय त्याच्यात!"

आबांनी विचारलं, "रगत लई गेलं का?"

"न्हाई आबा."

"कुठं उभा हाईस?"

"वळणावर. टपरीपाशी."

"समोर काय दिसतंय?"

"डोंगर."

"डोंगरावर?"

"बर्फ. झाडं."

"किती झाडं?"

मी मोजली! थंडीत नाक गळतंय, दाढेची जागा ठणकतेय, अन् मी पलीकडच्या धारेवरची देवदाराची झाडं मोजतोय. सतरा.

"मेंढरं मोजतो तसं मोजलंस का? दोनदा?"

दोनदा मोजली. सतरा.

"उद्या पुना मोज," म्हणाले. उद्या! मी म्हणालो, आबा उद्यापर्यंत थांबायचं नाही, डॉक्टरीण म्हणालीय — फोन ठेवलेला.

२९ जानेवारी, बुधवार

धुकं. देवा, आजच धुकं!

"किती?"

"नऊ. पण आबा, धुकं हाय —"

"हरिबा बी धुकंच म्हणायचा."

मी ओरडलो. टपरीवाला बाहेर आला. मी म्हणालो, इथं सगळ्यांनाच नऊ दिसतात, टपरीवाल्याला विचारा, त्याचे सगळे दात शाबूत आहेत! आबा म्हणाले, "वरडू नको, टाका तुटंल." अन् हसल्यासारखं केलं. ताप किती म्हणून मी मायला विचारलं. माय म्हणाली, "अंग गरम हाय, गोळीनं उतरतंय, पुना चढतंय."

उभं राहवेना, बसवेना. कॅम्पभर फिरलो.

३० जानेवारी, गुरुवार

उजाडताच चढलो, कामाच्या आधी. आकाश घासून काढल्यासारखं. सतरा! टपरीवाल्याला पण मोजायला लावलं, त्याला फोन दिला. तो हिंदीत म्हणाला, "सत्रह, बाबूजी." आबांना हिंदी थोडंच येतं, पण सत्रह कळलं.

"त्याचं बी दात काढलेत व्हय?"

"त्याचं न्हाई आबा, माझं. आन् दोघांचं एकच निघालं!"

मागं मेंढरं ओरडत होती, एवढं ऐकू आलं.

"उज्जीला म्हणावं परळीच्या गाडीचं बघ," म्हणाले.

३१ जानेवारी

काढली! परळीत. उज्ज्वलाबरोबर. पू लई निघाला. सुई मारली, हिरडीला चीर देऊन आधी पू काढला, मग दाढ. तीन मुळं, तिन्ही सडलेली. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर दवाखान्यात भरती करावं लागलं असतं. उज्ज्वलानं सांगितलं, खुर्चीत बसल्यावर आबांनी तिचा हात धरला होता. सोडलाच नाही. तिच्या बोटांवर वळ आलेत.

मी बंकटला मिठी मारली. तो म्हणाला, "सोड बे, वास मारतोय तुझा." त्याला म्हणालो, तू पण चल खाली डॉक्टरणीकडं, तोंड दाखव. बघू म्हणाला.

२ फेब्रुवारी, रविवार

सूज उतरली. ताप नाही. आज आबांनी मऊ भात खाल्ला, दोन्ही बाजूंनी. मी विचारलं, "आबा, नजर?" म्हणाले, "हाय तशी हाय." मला वाटलं, झालं! जिंकलो!

आज चढावर धावत गेलो. उगीचच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उज्ज्वलाचा फोन. रडत होती. आबांनी शपथ घातली होती, म्हणून आठवडाभर बोलली नाही. परळीच्या डॉक्टरनं अंगठ्यासाठी कागद पुढं केला, तर आबांनी अंगठा टेबलावर उमटवला. डॉक्टरनं डोळ्यापुढं बोटं धरली. दोन का तीन, सांगता येईना. डाव्या डोळ्याला दिवाळीपासून काहीच दिसत नाही. उजव्यात मोतीबिंदू, पिकत आलेला. मायला माहीत नाही, कुणालाच नाही. मेंढरं उज्ज्वला सोडायची, आबा घंटेच्या आवाजामागं चालायचे. एकच डोळा उरला होता. तो दाढेबरोबर जाईल म्हणून बसले होते.

उजव्याचं ऑपरेशन होतं म्हणे. होतं! सोमवारी अंबाजोगाईला न्यायचं. डाव्याचं तिथंच कळेल. लेन्स, गाडी, राहणं-खाणं धरून आज पाठवतोय — अकरा हजार सातशे.