बोर्डावर सगळं हिरवं

श्रीगोंदा,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप गहिनीनाथ काकांस,
अश्विनीचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. मुक्ताकाकूंचा गुडघा कसाय? शुक्रवारी कारखान्याचा बॉयलर पेटवायचा, त्या पूजेचा मान यंदा तुम्हा दोघांना, म्हणून ‘अण्णांशेजारी बसायला आई नवी पैठणी घेणार हाय’ असं करण सांगत होता. घेऊ द्या की, हौस आहे त्यांची.

फोनवर बोलायला गेले की तुम्ही ‘अगं, होतंय गं सगळं’ म्हणून हसता नि ठेवून देता. म्हणून हे पत्र हातोहात पाठवतेय.

ऑफिसातला तो कामांचा बोर्ड म्हणजे माझाच हट्ट. एकेका कामाचं एकेक कार्ड; लाल म्हणजे बाकी, पिवळं म्हणजे चालू, हिरवं म्हणजे झालं. पुण्याच्या ट्रेनिंगहून मी हे शिकून आले, तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक तुम्हीच केलंत. पण शनिवारच्या मीटिंगला चेअरमनसाहेब लाल दिसेल त्याला झाडत सुटले. माझा नंबर यायच्या आत तुम्ही सेफ्टी व्हॉल्व्हचं लाल कार्ड काढून हिरवं लावलंत. पुतणीला चारचौघांत बोलणी नकोत म्हणून, हे कळतं मला. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. मी गप्प बसले.

काका, तो व्हॉल्व्ह तपासलेलाच नाही. वाफेचा दाब फार वाढला की तो आपोआप उघडायला हवा. गेल्या हंगामात अडकत होता. तपासणारा माणूस येणार पुढच्या सोमवारी, बॉयलर पेटल्यावर! काल मी परत लाल कार्ड लावलं. चहा पिऊन येते तर कुणीतरी पुन्हा हिरवं करून ठेवलेलं. चीफ इंजिनिअर म्हणतात, निमंत्रणं गेलीत, मांडव घातलाय, आता कसलं खुसपट काढतेस.

तुम्ही संचालक आहात. मुहूर्त पुढं ढकला म्हणालात तर साहेब ऐकतील. खापर माझ्यावर फोडा, माझी नोकरी गेली तरी चालेल.

पूजा करून तुम्ही घरी जाल, आग मात्र पेटतीच राहणार. बॉयलरवर शुक्रवारी दुपारची शिफ्ट आपल्या करणची आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, रजा टाक. तर हसायलाच लागला.

“ताई, तू बी लई घाबरती. बोर्डावर हिरवं हाय की. अण्णांनी सोताच्या हातानं लावलंय.”

उद्या सकाळीच या.

करणची ताई,
अश्विनी