सुवर्णवचनांच्या पेटीची विल्हेवाट

मी, नीलिमा शमुवेल भिंगारदिवे, वय त्रेपन्न, मूळ नगरची, राहणार जयनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. चर्चच्या कमिटीचं मत वेगळं असू शकतं. गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून आले.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझी एकुलती एक मुलगी मैत्रेयी, राहणार इलेक्ट्रॉनिक सिटी, हिला. पती हयात नाहीत, त्यामुळे वाद घालायला घरात कोणी उरलेलं नाही.

२. शिलाई मशीन संडे स्कूलमधली माझी मदतनीस श्वेता हिला. मशीन कुरकुरतं, तीही कुरकुरते, जमेल.

३. दीर याकोब यांना काहीही नाही. माझ्या रंगावर लग्नात केलेला विनोद त्यांनी स्वतःकडेच ठेवावा. त्यांची तेवढीच कमाई आहे.

४. सुवर्णवचनांची पेटी. बावीस वर्षं मी मुलांना शलमोन राजाचं शहाणपण आणि निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट शिकवली. पद्धत माझी: एका कार्डावर बायबलमधलं एकच वचन, सुबक अक्षरात. न चुकता पाठ म्हणेल त्याला पेन. कोण कोणाला म्हणालं, हे लिहायचं नाही, मुलं गोंधळतात.

मुलं नाही गोंधळली.

मागच्या वर्षी मैत्रेयीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यात ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला गप्प बसवेना. म्हटलं, "मैतू, उगाच काही घडत नाही गं. स्वतःला तपासून बघ. शास्त्रच सांगतं."

ती वळली. "आई, हे देव नाही सांगत. ईयोबाची मुलं मेल्यावर त्याचे मित्र त्याला सांगतात. आणि शेवटी देव त्या मित्रांनाच झापतो. तू कार्ड पाठ करून घेतलंस, पुढचं मी वाचलं." मग म्हणाली, "आता जा."

चौदा महिने झाले. फोन उचलत नाही.

पेटी संडे स्कूलला. अट: प्रत्येक कार्डामागे मुलांनी स्वतः शोधून लिहावं, हे कोण कोणाला म्हणालं. कमिटीला ही अट जड वाटल्यास पेटी रद्दीत द्यावी.

५. ~~मैत्रेयीची मी माफी मागते, ती तिने~~

इथवर खालच्या मजल्यावरचे साक्षीदार शिवकुमार यांना वाचून दाखवलं. त्यांचं घराणं दहा पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड.

"अक्का, म्हणजे तुम्ही गेल्यावर तिनं वाचायचं? आणि 'नाही करत माफ' म्हणायचं कुणाला, फोटोला?"

"मग काय करू?"

"स्वल्प पाणी प्या. चपला घाला."

सरी, म्हणजे त्यांच्या भाषेत बरं. कलम ५ रद्द. खोडलेल्या जागी सही केली आहे.

हे झालं की मी तिच्याकडे निघते. ईयोबाचे मित्र तोंड उघडल्यावर चुकले. त्याआधी सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तो भाग मी कधी शिकवला नाही. पाठ करून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने आत घेतलं तर आत बसेन, नाही तर जिन्यात. पहिला शब्द तिचा.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून, समजून, घाईत सही केली.

नीलिमा शमुवेल भिंगारदिवे (सही)

साक्षीदार: १. शिवकुमार (सही) २. त्यांच्या पत्नी चंपा (सही)

स्थळ: जयनगर, बेंगळुरू
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५