चारनंतरचे पेशंट

रविवार, १ सप्टेंबर
उद्यापासून पायलट प्रोजेक्ट. डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून अठरा वर्षं काढली, पण इतकी शिस्तीत आखलेली गोष्ट माझ्या हातून पहिल्यांदाच होते आहे. तीन वर्षांपूर्वी टोकन मशीन मी न वापरून बघताच घ्यायला लावलं होतं. ते कॉरिडॉरमध्ये उभं आहे आणि लोक त्याला छत्र्या टांगतात. त्या बाजूने मी जात नाही.
यावेळी तसं होणे नाही. पेशंटच्या नोंदणीचं नवं सॉफ्टवेअर पाच आठवडे वापरून बघायचं, मगच विकत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. निकष आधीच लिहून ठेवले. एक, प्रत्येक नोंद तीन मिनिटांच्या आत. दोन, कर्मचाऱ्यांचा फीडबॅक पाचपैकी सरासरी चार. तीन, जुनं रजिस्टर पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद. मागाहून एकाही निकषाला हात लावायचा नाही. हे लाल पेनाने लिहिलं आणि खाली सही केली.

सोमवार, २ सप्टेंबर
रांग जिन्यापर्यंत. एका नोंदीला अकरा मिनिटं. जन्मतारीख टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मोतीबिंदूचे एक आजोबा म्हणाले, मी मोठ्या भावापेक्षा दोन वर्षांनी लहान. भावाची तारीखही त्यांना माहीत नव्हती.
खिडकीवर ताई असतात. बावीस वर्षांचं रजिस्टर त्यांच्याच अक्षरात आहे. त्या म्हणाल्या, आत्ता रजिस्टरात लिहून घेते, गर्दी ओसरली की कॉम्प्युटरवर चढवते. फक्त आजच्यापुरती परवानगी दिली. तोंडी.

बुधवार, ४ सप्टेंबर
आजच्यापुरती परवानगी आजही दिली.
ओपीडी दोनला संपते. नंतर केसपेपर लावणं वगैरे असतं, चारला ताईंची सुट्टी. पण आज नोंदी चढवता चढवता सहा वाजले. त्यांनी हळूच विषय काढला. यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, हाताचे व्यायाम करून घ्यायला साडेचारला फिजिओथेरपिस्ट घरी येतो, दार उघडायला दुसरं कोणी नाही. मी म्हटलं, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे. सहानुभूतीने म्हटलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
पहिला रिपोर्ट. सरासरी वेळ, एक मिनिट पन्नास सेकंद. मीच दोनदा वाचला. समोर पेशंट नसला की नोंद भराभर होते, हे एक प्रकारे सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्यच म्हणायला हवं. फार खोलात गेलो नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
फीडबॅक फॉर्म बारा वाटले, चार परत आले, त्यातले तीन कोरे. चौथ्यावर कॅन्टीनच्या पंख्याची तक्रार.
बाकीचे घरी बसून मीच भरले. अठरा वर्षं या लोकांना ओळखतो, त्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. उगाच सगळ्यांना पाच दिले नाहीत. फार्मसिस्टला तीन दिले, तो मुळातच तिरसट आहे. सरासरी ४.३.
बायकोने विचारलं, दर फॉर्मला पेन का बदलताय. म्हटलं, ऑफिसचं काम आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २० सप्टेंबर
ताई म्हणाल्या, यजमानांचा उजवा हात पुन्हा आखडायला लागलाय. मध्यंतरी खांद्यापर्यंत वर जात होता. माझ्याकडे न बघता कीबोर्डकडे बघून बोलत होत्या. पायलट मध्येच बदलला की आकडे बिघडतात, हे मी त्यांना नीट समजावलं. त्यांना पटलं.
पटलं नसावं. त्यांनी पुढची नोंद उघडली.
सोमवारपासून रजिस्टर बंद आणि ताई चारच्या ठोक्याला घरी. लाल पेनाने लिहितो आहे.

सोमवार, २३ सप्टेंबर
मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे डायरेक्टर, राउंडवर जाता जाता थांबले. पायलट काय म्हणतो, म्हणाले. एक मिनिट पन्नास सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. टोकन मशीननंतर पहिल्यांदाच. दिवसभर तो खांदा जरा उंच धरून वावरलो असेन.
अशा दिवशी रजिस्टर बंद करून गोंधळ घालणं बरं दिसलं नसतं. पुढच्या सोमवारी नक्की.

मंगळवार, १ ऑक्टोबर
काल सोमवार होता हे आज लक्षात आलं.
तिसऱ्या निकषात ‘पूर्ण बंद’ होतं, तिथे ‘बंद करण्याच्या दिशेने’ असं केलं. हा बदल नाही, खुलासा आहे.
हल्ली घरी जाताना मी चष्म्याच्या दुकानामागून जातो. खिडकीवरून गेलं की ताईंच्या टेबलावरचा दिवा दिसतो. मागचा रस्ता तसा जवळचाही आहे. मोजून बघितला, तीनशे पावलं लांब पडतो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
समितीची बैठक. माझ्या बावीस स्लाइड. एकोणिसावीपर्यंत उत्तम चाललं होतं.
मोठे डॉक्टर प्रिंटआउट चाळत होते. त्यांनी विचारलं, ओपीडी किती वाजता बंद होते. दोनला, म्हटलं.
“मग हे सगळे पेशंट चार ते सहाच्या मध्ये कुठून आले?”
प्रत्येक नोंदीपुढे वेळ छापलेली होती. पाच आठवडे मी ते कागद हाताळत होतो, तो रकाना कधी वाचलाच नव्हता. वाचायचा नव्हता, असं लिहिलं तर जास्त खरं होईल.
डेमो दाखवायला म्हणून ताईंना मीच बोलावून ठेवलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या.
“रजिस्टरवरून मी चढवत होते. साहेबांना ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या.
मी तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्याचा ग्लास उचलून प्यायलो.
मोठे डॉक्टर चिडले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, “सॉफ्टवेअर चांगलं आहे की वाईट, हे आपल्याला पाच आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. वाईट निघालं असतं तरी माझी हरकत नव्हती हो, तेच तर बघायचं होतं.”
खरेदी रद्द. नियम मोडल्याबद्दल ताईंना मेमो. मसुदा मी करायचा आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर
मसुदा केला. ‘निष्काळजीपणा’ खोडून ‘अनवधान’ घातलं. ‘समज देण्यात येत आहे’च्या जागी ‘लक्ष वेधण्यात येत आहे’. इतका सौम्य मेमो या हॉस्पिटलात कुणाला मिळाला नसेल.
दुपारी डबा उघडला, तसाच बंद केला. मला माझी लाज वाटते आहे. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
ताई दोन दिवस रजेवर. मेमो शिपायाकडून न पाठवता स्वतः घेऊन गेलो. माणुसकी म्हणून. चार धीराचे शब्द वाटेत जुळवून ठेवले होते.
दुसरा मजला, दोन खोल्या. यजमान खुर्चीत बसले होते. मी हात पुढे केला. त्यांनी डावा हात दिला. उजवा मांडीवर होता, बोटं आत वळलेली, मुठीत रुमालाची गुंडाळी. मी पटकन हात बदलला आणि माझं मनगट त्यांच्या मनगटाला लागलं.
जुळवलेलं सगळं विसरलो.
ते शब्द शोधत सावकाश बोलतात. म्हणाले, “ही रोज सहापर्यंत थांबायची. मी म्हटलं, काम असेल महत्त्वाचं. मग घेतलं का ते सॉफ्टवेअर?”
“नाही,” म्हटलं.
त्यांनी मान हलवली. ताईंनी चहा आणला, मी प्यायलो. कशाला आला होतात, हे दोघांनीही विचारलं नाही. मेमो खिशातच राहिला.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. परवानगी, फॉर्म, पाण्याचा ग्लास, सगळं. ती ऐकून म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, तुमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगा. म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम तेच. आत्ता नको, ते लवकर झोपतात.
“सात वाजता?” ती म्हणाली. फोन आणून माझ्यासमोर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली.
फोन करण्याआधी घडलं ते क्रमाने लिहून काढावं म्हटलं, म्हणजे बोलताना काही राहून जाणार नाही. लिहून झालं. मग आधीची पानंही एकदा वाचून घेतली.
नऊ वाजून गेले. आता मात्र ते खरंच झोपले असतील.