हॅलोवीनची खिरापत

आई, यंदा हॅलोवीनला मी दारात डबा घेऊन उभी राहणार आहे. आमच्या कॉलनीच्या कमिटीने नको म्हटलंय, तुझी नातही नको म्हणतेय, म्हणून तर नक्कीच राहणार आहे. माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. तुझा स्टीलचा मोठा डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय, ताटात वड्या निवताहेत आणि त्या निवेपर्यंत मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी आठ वर्षांची, पुण्याहून अमेरिकेत पार्सिपनीला येऊन आपल्याला जेमतेम तीन महिने झालेले. बाबा ऑफिसात. संध्याकाळी बेल वाजते, तू पदर खोचत दार उघडतेस, तर पायरीवर एक चेटकीण, एक सांगाडा आणि शेपटीवाली मांजर, तिघांच्या हातात उशीचे अभ्रे पसरलेले. "ट्रिक ऑर ट्रीट!" मला वाटलं तू घाबरशील. तुझा चेहरा तर उजळला. नवरात्रात तू पाटावर हत्ती काढला होतास आणि भोंडल्याचा फेर धरायला मुलीच मिळाल्या नव्हत्या. केलेली खिरापत आपण तिघांनीच संपवली होती. आता न बोलावता मुलं दारात आली होती. तू आत जाऊन शंकरपाळ्यांचा डबा आणलास, झाकण घट्ट धरून खुळखुळवलास आणि तुझ्या त्या खणखणीत इंग्रजीत म्हणालीस, "फर्स्ट यू टेल. व्हॉट इज इनसाइड?" मी लाजून कोटांच्या कपाटात शिरले. बाहेरून आवाज येत होते. "कँडी?" "नो." "कुकीज?" "नो, नो, थिंक!" चेटकीण तर डब्याला कान लावून बसली. कुणालाच ओळखता आलं नाही, अर्थातच, आणि तू प्रत्येकाच्या अभ्र्यात मूठभर शंकरपाळे टाकलेस.

पुढच्या वर्षी तीच मुलं धाकट्या भावंडांना घेऊन आली. आपल्या घराला गल्लीत 'गेसिंग हाउस' म्हणायला लागले. तेव्हा मुलं एकटी फिरायची गं, आईबाप मागे नसायचे. दुकानातला प्लॅस्टिकचा मुखवटा रबराने कानाला अडकवला की झालं सोंग. मला भूत व्हायचं होतं तर तू पांढरी चादर दिली नाहीस, "अभद्र दिसतं" म्हणून; मी गुलाबांच्या छापाची चादर पांघरून गेले आणि सगळी गल्ली हसली. त्याच संध्याकाळी मी खूप कँडी जमवून आणली, तर कौतुक करायचं सोडून तू मला रागावलीस. "नुसतं मागून घेतलंस तर ती भीक झाली. ओळखून घेतलंस तर खिरापत." अशी वाक्यं तू कुठून आणायचीस कोण जाणे. मी मात्र रडत बसले.

मग टीव्हीवर ते सुरू झालं: कँडीत टाचण्या, सफरचंदात ब्लेडची पाती. शाळेतून चिठ्ठी आली, फक्त पाकीटबंद गोष्टीच घ्या. मी अकरा वर्षांची होते. स्कूलबसमध्ये मागच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, "तुझी आई त्या डब्यात काय घालते?" सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "आय डोन्ट नो. वी डोन्ट ईट इट. वी थ्रो इट आउट." एवढंच. खोटं बोलायला मला एक श्वासही लागला नाही.

त्या हॅलोवीनला तू दिवेलागणीपासून दारात उभी होतीस. पोर्चचा दिवा लावलेला, हातात हाच डबा. मुलं समोरच्या फुटपाथवरून जात होती. ती जुनी चेटकीण, आता उंच झालेली, तिने लांबूनच हात केला. कुणी पायरी चढलं नाही. बऱ्याच वेळाने तू आत आलीस, डबा माझ्या कानाशी धरून हलवलास आणि म्हणालीस, "चल, तू तरी ओळख." मी पुस्तकातून मानही वर केली नाही. "आय डोन्ट केअर, आई." तू डबा ओट्यावर ठेवलास. पुढच्या वर्षी तू दुकानातून चॉकलेटची पिशवी आणलीस, परडीत ओतलीस आणि कुणाला काही विचारलं नाहीस.

भांडण आहे ते इथे. एका वर्षात हार मानलीस तू! मला खडसावायचं होतंस, बसमधल्या त्या मुलीच्या घरी डबा घेऊन जायचं होतंस. आणि मी? मला त्या परडीचा आनंद झाला होता. मी कॉलेजात असताना तू गेलीस, तोवर तुला कधी सांगितलंच नाही की मुलं आपल्या पायरीवरून का फिरली.

आता तर दारंही गेली. आमच्याकडे दुपारी तीन ते पाच, क्लबहाउसच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडून कँडी वाटतात. काहींच्या पोर्चवर नुसती परडी आणि पाटी: कृपया एकच घ्या. मी घरच्या वड्या करणार हे कळल्यावर कमिटीची मेल आली, "वी ॲप्रिशिएट युवर कल्चर, बट." ते 'बट' वाचून मी थेट नारळ फोडायला घेतले. लेक म्हणाली, "मॉम, सीरियसली, कोणी होममेड खात नाही. यू'ल बी सो हर्ट." मी म्हटलं, "होईन. माझी मी बघेन." मुलांना ॲलर्जी असतात, ते मला कळतं; काय काय घातलंय ते कागदावर लिहून ठेवलंय. पण तो कागद दारावर लावला तर ओळखायला उरणार काय? म्हणून आयांच्या हातात गुपचूप देणार आहे. एक जरी पोर पायरी चढलं तरी मी डबा हलवणार. कुणी नाही चढलं तर पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहणार. रिकाम्या पायरीसमोर तू एकच वर्ष राहिलीस.

वड्या निवल्या. कापते आता. हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तोंडावर सांगायची हिंमत अजून नाही. तू डबा माझ्या कानाशी हलवलास त्या दिवशी मला ओळखता आलं होतं. बसमधून उतरल्याबरोबर वास आला होता. खोबऱ्याची वडी, केशर घातलेली. डबा ओट्यावर ठेवून तू कपडे बदलायला वर गेलीस तेव्हा मी ओट्यापाशी उभ्या उभ्या तीन खाल्ल्या, आणि तुला कळू नये म्हणून उरलेल्या पसरून डबा पुन्हा भरल्यासारखा केला.