टाक्यांचं जहाज

आप्पा,

तुमचं जहाज मोडीत निघालं. ते सांगायला तुमचे जहाजावरचे एक सोबती परवा मिरजेहून कवठे महांकाळला आले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माणूस घर शोधत आला म्हणून आईला कोण आनंद! तुमच्या फोटोशेजारी जहाजाचा फोटो आहे, तो दाखवून ती म्हणाली, जहाज भारीच होतं, वर गोड्या पाण्याच्या केवढाल्या टाक्या. पाहुणे हसले. ते पांढरे घुमट म्हणजे टाक्या नव्हत्याच म्हणे, आत रडार होते. आधी ते साधं मालवाहू जहाज होतं, पुढं त्यावर ही यंत्रं चढवली. क्षेपणास्त्राची चाचणी असली की ते कसं येतंय, कुठं पडतंय, हे टिपायचं, एवढंच त्याचं काम. मी विचारलं, मग जहाज उभं कुठं असायचं? ते म्हणाले, 'पडणार तिथंच. जरा बाजूला.'

आप्पा, आम्ही टँकरमागं घागरी घेऊन धावणारी माणसं, तुम्ही टाकी म्हणालात की पुढं कोण कशाला विचारतंय? 'जहाज गोदीत आहे, रंग चाललाय' असा वाण्याच्या दुकानात तुमचा फोन यायचा, आणि मग कितीतरी दिवस काहीच नाही. आम्हाला वाटायचं, रंग वाळतोय. आपल्या आळीत घरटी एक फौजी. सुट्टी संपली की बायको त्याच्या तळहातावर दही ठेवते, स्टँडपर्यंत सोडायला जाते, एसटी दिसेनाशी होईपर्यंत पदर डोळ्याला. तुम्ही मात्र ट्रंक उचलून एकटेच निघताय, आणि आई निवडत असलेल्या ज्वारीपुढनं उठतसुद्धा नाही. आमचा रंगारी चाललाय, त्याला काय हुतंय, असं शेजारणीला सांगते. आणि तुम्ही हसताय! ते हसणं आता आठवलं की मला लय राग येतो तुमचा.

पाहुण्यांनी गंमत म्हणून आणखी एक सांगितलं. एकदा क्षेपणास्त्र ठरल्या जागेपासून भरकटलं आणि इतकं जवळ पडलं, की उसळलेलं पाणी डेकवर आलं. तुम्ही तिथंच उभे होता. आई फोटोकडं बघत म्हणाली, 'जहाजाचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. जिवाला धोका हाय, एवढं तरी सांगायचं हुतं. हातावर दही तरी ठेवलं असतं मी.'

पाहुण्यांनी मान खाली घातली. घरी बोलायला बंदी होती, म्हणाले.

तेव्हापासून आईनं तुमच्याशी अबोला धरलाय. रोज सकाळी फोटो पुसताना द्राक्षाचा भाव, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तुम्हाला सांगायची. आता फोटो पुसते, हार घालते, पण तोंडातून चकार शब्द नाही. फोटोशी कसला अबोला, म्हटलं तर म्हणाली, 'त्यास्नी कळतंय बरोबर.' मलाही बजावलंय, त्यांच्याशी बोलायचं न्हाई. मी मान डोलावली.

आज ती दादाबरोबर सांगलीला डोळे दाखवायला गेलीय. ती यायच्या आत हा कागद चुलीत घालते. मी तुमच्याशी बोलले हे तिला कळलं, तर माझ्याशीही बोलायची नाही.