गढूळ नळी

अण्णा,

१. मागच्या आठवड्यात मंगळवारी पहाटे स्कॅनसाठीचं किरणोत्सारी औषध तयार झालं. त्याच सकाळी ते नऊ रुग्णांना टोचलं.
२. बुधवारी, किरण ओसरल्यावर, राखून ठेवलेला नमुना मी पोषक द्रवाच्या दोन नळ्यांत सोडला. चौदा दिवस द्रव नितळ राहिला तर औषध निर्जंतुक.
३. पाचव्या दिवशी एक नळी गढूळ झाली, म्हणजे तिच्यात जंतू वाढले.
४. नऊही जणांना फोन गेले. ताप कुणालाच नाही. एका आजोबांनी मला विचारलं, “बाई, माझ्या अंगात काय सोडलंत?”
५. बुधवारी नमुना सोडताना त्या नळीच्या तोंडाला माझा हातमोजा लागला होता. मी ते नोंदवलं नाही.

हे औषध दोन तासांच्या आत निम्मं विझतं. निकालाची वाट पाहिली तर टोचायला काही उरणारच नाही. म्हणून आधी फक्त जंतू अडवणारी गाळणी तपासायची आणि औषध शिरेत सोडायचं. ते निर्जंतुक होतं याचा पुरावा येतो तेव्हा ते कुठंच शिल्लक नसतं. तीन वर्षं हे काम करते आहे, तरी नळी उजेडासमोर धरली की थक्क होते. कधी न पाहिलेल्या हातांवर भरवसा ठेवून माणूस आपला हात पुढं करतो.

तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यात तुम्ही मुकादम होता. शोभेची दारू भरायच्या शेडात अनवाणी जायचं, अंगावर लोखंड ठेवायचं नाही, आणि हातून काहीही पडलं तर उचलण्याआधी मोठ्यानं ‘पडलं’ म्हणायचं. मग सगळ्यांचे हात थांबत. मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. दारातच केसातली पिन पडते आणि मी गप्प राहते. सुटलेली बट तुम्हाला दिसते. तुम्ही दारू भरणाऱ्या सातही बायकांना बाहेर लिंबाखाली बसवता आणि गुडघ्यांवर रांगत सगळी शेड धुंडाळता. “पोरीनं सुट्टी दिली गं,” एक मावशी म्हणते. बायका हसतात, तुम्ही नाही. सापडलेली पिन तुम्ही माझ्या तळहातावर ठेवता.

“पिन पडली त्येचं काय न्हाय. तू गप बसलीस, त्येचं हाय.”

तुम्ही जाण्याआधीचा तुमचा शेवटचा स्कॅन सोलापूरला झाला. त्या औषधाच्या नळ्याही कुणीतरी रोज उजेडासमोर धरल्या असतील. त्या चौदा दिवसांत तुम्ही ओसरीवर बसून मला गणितं घालत होता. आपल्याला कुणी काही कळवलं नाही, कारण नळ्या नितळ होत्या. एवढं मोठं काम आपल्या घरावरून आवाज न करता गेलं, हे मला आता कळतं.

आज शनिवार. सोमवारी चौकशीच्या कागदावर माझी सही हवी आहे. जंतू माझ्या मोज्यावरूनही नळीत गेले असतील; तेवढ्यानं औषध स्वच्छ होतं असं सिद्ध होत नाही. पण त्या आजोबांना देण्यासारखं माझ्याकडं तेवढंच खरं आहे. बोलले तर नळ्यांचं काम काढून घेतील, कदाचित नोकरीही जाईल. तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. हे पत्र या वहीतून बाहेर जाणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी एकदा तुमच्या आवाजात ऐकायचं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.