मेंढ्याची माय

दिंद्रुड,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप रामेश्वरदादास,

सुनिताचा नमस्कार. इकडे सगळे बरे. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? धारूरला अजून गारठा असेल, कोकरांना जपत असशील.

रविवारी मोहिनीला बघायला पाहुणे येणार, तेवढे दिवस आईला तुझ्याकडे पाठवावं, असं तू फोनवर म्हणालास. "मेंढा घेतानाबी मानसं आदी त्याची माय बघतेत. हितं तर पोरीची आजीच येडी. कोन हो म्हणंल?"

फोन स्पीकरवर होता. बीडला मानसशास्त्र शिकणारी तुझी भाची गप्प बसणार होय? "मामा, त्या मायला चारा किती भेटला, तेबी इचारतेत का?"

तू हसलास. मला हसू आलं नाही.

मोहिनीच्या पुस्तकात आहे, दादा, की अशा आजाराचा कल रक्तातून येऊ शकतो. आजार येईलच असं नाही, पण येऊ शकतो. मी ते नाकारत नाही. मला ठाऊक आहे.

कसं ठाऊक, तेच लिहायचं टाळतेय. मागे मी तुमच्याकडे यायची बंद झाले होते ना, मान दुखते म्हणून? मान दुखत नव्हती. घरात कुणी नसताना मला माणसं बोललेली ऐकू यायची. जेवण टाकून, दार लावून बसायची. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अजून घेते. घेते आणि अंगणवाडी चालवते.

आईलाही असेच आवाज यायचे. तिला आपल्या घरच्यांनी देवऋष्याकडे नेलं आणि मग बैलाचं दावं पायाला बांधलं. तू लहान नव्हतास, पाहिलं आहेस. रक्त तेच, दादा. मला गोळी मिळाली, तिला दावं. तिच्या घोट्यावरचा तो काळा वळ काही रक्तातून आलेला नाही.

तेव्हा आई कुठेही जाणार नाही. मोहिनीला विचारून काल मी मुलाच्या आईला फोन केला. आईचं सांगितलं, माझंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घरात बोलून बघते."

येतील किंवा न येतील. मोहिनी म्हणते, न येणारं घर आधीच कळलेलं बरं. रविवारी पोहे होतील, आई नवं लुगडं नेसून बैठकीत बसेल. तिच्या शेजारची खुर्ची मामाची. ती रिकामी राहिली, तर पाहुण्यांना कारणही मी खरं तेच सांगेन.

तिच्याच रक्ताची, म्हणजे तुझ्याही,
सुनिता